मुलांसोबत काम करणाऱ्यांच्या वर्तनाचे नियम लेखी हवेत : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्री, बाल व युवक कल्याण विभाग यांस,

सादर नमस्कार.

वसतिगृहे, क्रीडा प्रशिक्षण केंद्रे, शिबिरे अशा ठिकाणी मुलामुलींसोबत काम करणाऱ्या प्रत्येकासाठी, मग तो पगारी असो वा स्वयंसेवक, लेखी आचारसंहिता बंधनकारक करावी, या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे. मी अनेक वर्षे वसतिगृह अधीक्षक होते आणि या विनंतीमागे माझीच एक चूक आहे.

आमचा एक सहकारी मुलांचा फार लाडका होता. चौदा वर्षांच्या एका मुलाला तो रात्री उशिरा संदेश पाठवतो, भेटवस्तू देतो आणि ‘हे कुणाला सांगू नकोस’ असे बजावतो, हे माझ्या कानावर आले होते. संस्थेच्या नियमावलीत हजेरीपासून रजेपर्यंत सारे काही होते, याविषयी मात्र एक ओळही नव्हती. तेव्हा तक्रार करायची तरी कशाची, असे मनाशी म्हणत मी गप्प बसले. काही महिन्यांनी तो मुलगा वसतिगृह सोडून गेला. त्याच्या बाबतीत काय घडले हे मला आजही ठाऊक नाही, कारण मी त्याला विचारलेच नाही.

मुलांचा गैरफायदा घेणारा माणूस बहुधा आधी विश्वास कमावतो, एखाद्या मुलाला खास वागणूक देतो, मग लहानसे गुपित राखायला लावतो आणि आजूबाजूचे लोक कुठवर खपवून घेतात याचा अंदाज घेत पुढे सरकतो. यातली प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर निरुपद्रवी वाटते. फौजदारी कायदा बहुतेक वेळा इजा झाल्यावरच कामाला येतो. त्याआधीचा हा सारा काळ आचारसंहितेनेच सांभाळायला हवा. म्हणून खाजगी संदेश, बंद खोलीतील एकट्याची भेट, वाहनातून एकट्या मुलाला नेणे, भेटवस्तू आणि छायाचित्रे यांचा तीत नावानिशी उल्लेख असावा. स्पर्शाबाबत मात्र सरसकट मनाई नसावी, कारण रडणाऱ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवायलाही कर्मचारी घाबरू लागला तर नुकसान मुलाचेच होईल. प्रशिक्षकाने आधी सांगून, मुलाची संमती घेऊन आणि इतरांच्या देखत शरीराची ठेवण दुरुस्त करावी, इतके स्पष्ट लिहिले तरी प्रामाणिक माणसाला मोठा आधार मिळतो.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेचा तिसरा अनुच्छेद मुलांची काळजी घेणाऱ्या संस्थांतील सुरक्षितता, कर्मचाऱ्यांची संख्या व योग्यता आणि सक्षम देखरेख यांसंबंधीचे निकष पाळले जातील, हे पाहण्याची जबाबदारी शासनावरच टाकतो. २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या आदेशाने, स्थानिक कायद्यातील संमतिवय काहीही असले तरी, १८ वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंधांना मनाई केली, आणि सहकाऱ्याविषयी नुसती शंका आली तरी ती कळवणे बंधनकारक केले. माझा सर्वाधिक आग्रह या शेवटच्या तरतुदीसाठी आहे. शंका कळवणे हे कर्तव्य ठरले की ती कळवणाऱ्याला चुगलखोर म्हणता येत नाही, आणि पुरावा गोळा करण्याचा भारही त्याच्यावर राहत नाही. शंका संस्थाप्रमुखाविषयीच असेल तर ती संस्थेबाहेर नेमकी कुणाकडे न्यायची, हेही लिहिलेले असावे. चौकशी सुरू होताच राजीनामा देऊन दुसऱ्या संस्थेत मुलांमध्येच रुजू होण्याची वाट बंद करावी, आणि त्यासाठी नेमणुकीपूर्वी आधीच्या संस्थेकडे लेखी विचारणा सक्तीची करावी.

वर उल्लेखिलेल्या बालहक्क संहितेचा बारावा अनुच्छेद मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देतो. तेव्हा आचारसंहितेचा मसुदा अंतिम करण्यापूर्वी तो वसतिगृहांतील मुलांना वाचून दाखवावा, त्यांचे म्हणणे नोंदवून घ्यावे, आणि मोठ्यांनी कसे वागू नये व तसे कुणी वागले तर कुणाला सांगायचे, हे त्यांना समजेल अशा भाषेत लिहिलेला कागद प्रत्येकाच्या हाती द्यावा.

आपली नम्र,
एक निवृत्त वसतिगृह अधीक्षक