बाहेरगावच्या कामाचा दर

संपादक महोदय,

तुळशीचे लग्न झाले की मुंबईतले छायाचित्रकार, मेकअप आर्टिस्ट, साउंडवाले बाहेरगावची कामे घेऊ लागतात आणि बहुतेकांचा हिशेब एकाच जागी चुकतो. मुंबईतला दिवसाचा दर अधिक तिकीट, एवढेच ते सांगतात. अडकलेल्या तारखांचे पैसे कुणी धरतच नाही.

नागपूरचे एका दिवसाचे लग्न घ्या. समारंभ रविवारी, पण शनिवार जाण्यात आणि सोमवार परतण्यात जातो. रात्रीच्या गाडीने निघाले तरी शनिवारची संध्याकाळ, म्हणजे मुंबईतले एखादे रिसेप्शन, हातचे जातेच. म्हणून प्रवासाच्या प्रत्येक दिवसाला निम्मा दर लावावा. दिवसाचे १०,००० घेणाऱ्याने इथे २०,००० सांगावेत. तिकीट, राहणे, जेवण वेगळे. असिस्टंटचेही गणित तेच.

तो १०,००० चा आकडा कुठून आला, हेही तपासावे. घरखर्च, कॅमेऱ्याची झीज, दुरुस्ती, विमा मिळून वर्षाला ८,४०,००० लागत असतील, तर त्याला ३०० ने भागून २,८०० काढणारे पुष्कळ. एडिटिंग, भेटीगाठी आणि चातुर्मासातला शुकशुकाट वजा केला तर बिल लागणारे दिवस जेमतेम १२० उरतात. म्हणजे ७,००० तर नुसता खर्च भागवायला हवेत.

पुण्याला जास्त, सांगलीला कमी, असा गाव बघून दर सांगू नये. नातेवाईक एकमेकांना विचारतात! समोरच्याला परवडत नसेल तर तास कमी करावेत, अल्बम वगळावा.

प्रवासखर्च टोकनबरोबरच पूर्ण घ्यावा. मुहूर्त बदलला की फटका तिथे बसतो, कारण कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केले तर परतावा मिळत नाही. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, तेव्हाच ते उरकावे. शक्यतो तिकीट यजमानांनाच काढायला सांगावे. आपण काढून फीसोबत बिलात घातले की ती रक्कम आपल्या उलाढालीत धरली जाते, जीएसटी नोंदणीची २० लाखांची मर्यादा उगाच जवळ येते. काम कंपनीचे असेल तर टीडीएसही सगळ्या रकमेवर कापला जातो.

खोली स्वतंत्र आणि कुलूप लागणारी हवी, हे कोटेशनमध्येच लिहावे. वऱ्हाडासोबत हॉलमध्ये गादी टाकली की मध्यरात्री कुणीतरी मोबाईल लावायला कॅमेऱ्याच्या बॅटरीचा चार्जर काढतोच.

एका फेरीत नाशिकची दोन कामे मिळाली तर प्रवासखर्च दोघांत वाटावा आणि दोघांनाही तसे सांगावे. मात्र दुसऱ्याचे टोकन हाती येईपर्यंत पहिल्याला सूट कबूल करू नये. ते काम फिसकटले तर उरलेले अर्धे भाडे आपल्याच अंगावर पडते.

– एक स्वतंत्र छायाचित्रकार, दादर, मुंबई