ताट टाकून उठलो, त्याबद्दल

पुणे,
१२ जुलै

प्रिय मित्रा,

जत्रेच्या दिवशी तुझ्या दारातून न सांगता गाडी काढली, त्याला आता दोन महिने होतील. त्यानंतर तू फोन केला नाहीस, मीही केला नाही. चौथीपासून एका बाकावर बसलेल्या आपल्या दोघांत इतका अबोला याआधी एकदाच झाला होता, आणि तेव्हा निदान कारण तरी चांगलं होतं (ती सायकल तूच पंक्चर केली होतीस, अजूनही माझं तेच म्हणणं आहे). फोनवर हे मला जमणार नाही. तू मध्येच शिवी हासडशील, मी हसेन आणि विषय भलतीकडं जाईल. म्हणून कागद.

वहिनींनी वाढलेलं ताट मी टाकून उठलो. काकू रश्श्याचं पातेलं घेऊन समोर उभ्या, पंगत अर्धी झालेली, आणि तुझ्या शेजारी बसलेला माणूस चार घास खाऊन तोंडाला रुमाल लावून बाहेर. जत्रेचं ताट टाकणं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको. परत आलो तेव्हा तू काय समजलास तेही तुझ्या तोंडावर वाचलं: पुण्याला जाऊन मोठा झाला, आता आमचं मटण याच्या घशाखाली उतरत नाही. लेका, अगदी तेच झालं होतं. उतरलं नव्हतं. गोठ्यामागं उकिरड्याच्या आडाला मी वाकून उभा होतो आणि तुझी म्हैस माझ्याकडं बघत निवांत रवंथ करत होती. तिला जमतं ते मला त्या दिवशी जमलं नाही.

डिसेंबरात माझं झालं ते हर्नियाचं ऑपरेशन नव्हतं. वजन कमी करायचं होतं. बेरिअॅट्रिक सर्जरी म्हणतात, त्यातला माझा प्रकार स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. ऑफिसात हर्निया सांगितलं, सासरवाडीला हर्निया सांगितलं, आणि तेच तोंडात बसलेलं असल्यामुळं तुलाही सांगितलं. तू म्हणालास, "हर्निया कसला, खाल्लेलं मटण बाहेर डोकावत असेल." मी हसलो. त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण १३८ किलोच्या माणसाला एक लाज असते रे. लोक म्हणणार, याला तोंड आवरेना म्हणून पोट कापून घेतलं. तू म्हणाला नसतास हे आता कळतंय, तेव्हा नाही कळलं.

का केलं, ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात रडगाण्याशिवाय काही नाही. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४६. साखर, बीपी, आणि रात्री झोपेत श्वास अडकायचा म्हणून नाकाला मशीन. डाएट तर तू माझी किती पाहिलीस. एकदा चौदा किलो उतरवले आणि दीड वर्षात अठरा चढवले. विमा कंपनीनं आधी 'दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया' असा शेरा मारून कागद परत पाठवले. आरशापुढं उभं राहून मी त्यावर बराच वेळ विचार केला. पुन्हा सगळे रिपोर्ट जोडल्यावर मंजूर झालं.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे जवळजवळ नुसत्या पातळ गोष्टी आणि प्रोटीनची पावडर. लिव्हरवर चरबी साठून ते मोठं झालेलं असतं आणि जठराच्या वर पसरलेलं असतं. ते आकसलं की डॉक्टरांना आत हात फिरवायला जागा मिळते. मग दुर्बिणीतून, पोटाला पाच छोटी भोकं पाडून, जठराचा तीन चतुर्थांश भाग स्टेपलरनं कापून बाहेर. उरलं ते केळ्याएवढं नळकांडं. पोट दुखेल म्हणून मी तयार होतो, पण दुखला खांदा! पोट फुगवायला भरलेला वायू छाती आणि पोटामधल्या पडद्याला टोचतो आणि कळ खांद्याला येते म्हणे. त्याच संध्याकाळी नर्सनं उठवून चालायला लावलं. हातात तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं खेळणं दिलं, श्वास ओढून चेंडू वर उचलायचे. मी ते खेळत होतो आणि आमची ही शेजारी बसून उगाच रडत होती.

आता खायचं सांगतो. म्हणजे प्यायचं.

घरी आलो तेव्हा हातात खोकल्याच्या औषधाचं असतं तसं मापाचं टोपण होतं, तीस मिलिलिटरचं. एका वेळी तेवढंच, तेही घोट घोट. दिवसाला दीड लिटर तरी पोटात गेलंच पाहिजे. हिशोब कर, पन्नास टोपणं. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दुसरा उद्योग नाही. शहाळ्याचं पाणी, पेजेची निवळ, मुगाचं गाळलेलं पाणी, पातळ ताक. आपण कॉलेजात असताना कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून घेऊन मोठा ग्लास एका दमात रिकामा करायचो, आठवतंय? पैज असायची. पहिल्या दिवशी ते टोपण संपवायला मला दहा मिनिटं लागली.

आणि पाचव्या दिवशी मला काकूंची अळणी आठवली. मला विषमज्वर झाला होता तेव्हा तुमच्याकडून डबा यायचा. मटण शिजवून तिखट पडायच्या आधी बाजूला काढलेलं पाणी, वर तुपाचे दोन डोळे. इथं पुण्यात सूप म्हणून जे मिळतं त्यात मक्याचं पीठ. हिला अळणी माहीत नाही, ती शाकाहारी घरची. तरी मी सांगत गेलो आणि तिनं नाकाला पदर लावून मटण उकळलं, गाळलं, तूप काढून टाकलं आणि दिलं. काकूंची सर नव्हती, पण टोपण तोंडाला लावल्यावर डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी तुला फोन लावला होता. तू उचललास, आणि मी पावसाचं विचारून ठेवून दिला. डिसेंबरात. तुला काही वाटलं नाही का?

तिसऱ्या आठवड्यात घट्टसर सुरू झालं. मुगाची खिचडी मिक्सरमधून काढलेली, नाचणीची आंबील, घुसळलेलं दही, उकडलेलं अंडं चेचून. पोरीनं कपाटातून तिच्याच उष्टावणाची चांदीची वाटी आणि चमचा शोधून काढला, मला पाटावर बसवलं, ओवाळलं, आणि पहिला घास भरवला. "बाबांचं उष्टावण." फोटो आहे. या पत्रानंतर बोलणार असशील तर दाखवीन.

दोन महिन्यांनी साधं जेवण आलं, आणि खरा अभ्यास तिथून. चाळीस वर्षं जेवलो ते सगळं उलटं करायचं. आपलं आधी वरणभात, मग पोळी, मग भात. माझं आता आधी प्रोटीन: अंडं, पनीर, घट्ट वरण, उसळ किंवा मासा. दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम भरायचं असतं, आणि एका अंड्यात फक्त सहा असतं. मग भाजी. जागा उरली तर पाव भाकरी, आणि जागा उरत नाही. चपातीचा आत गोळा होतो, भाकरी दुधात नाहीतर आमटीत कुस्करली की चालते. पावाचं नाव काढू नको. म्हणजे मिसळ गेली असं समजू नको, पण कटाबरोबर पाव नाही, फरसाण नाही, मग उरते ती मोडाची मटकी. तिला मिसळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सगळ्यात अवघड पाणी. घासाबरोबर पाणी बंद. जेवण झाल्यावर अर्धा तास थांबायचं. तांब्या-भांडं घेऊन बसणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ही काय शिक्षा आहे ते तुला कळेल. सोड्याची बाटलीही बंद, वायू नको म्हणून. गुडघा दुखला तर नेहमीची दुखण्याची गोळी घ्यायची नाही, जठराला फोड येतात. व्हिटॅमिन, बी-१२, लोह, कॅल्शियम मात्र जन्मभर. पोट भरल्याची खूणही बदलली. आता आधी नाक वाहायला लागतं, मग एक उचकी. उचकीनंतरचा घास म्हणजे संकट. छातीच्या मधोमध दगड बसतो, तोंडात फेसाळ लाळ सुटते, आणि ती गिळताही येत नाही. मग मोरी गाठायची.

जत्रेत तेच झालं. चूक माझीच होती. सकाळपासून गाडी चालवत आलो, पोटात काही नाही, आणि मांडवात शिरताना त्या वासानं मी सगळं विसरलो. पहिला घास भाकरीचा, दुसरी मटणाची फोड, चावतोय असं दाखवत गिळली, वर रश्श्याचा घोट. तुझ्याबरोबर बसलो की मला तुझ्याच वेगानं खायची सवय. प्रत्येक घास तीस वेळा चावायचा असतो. तुझ्या शेजारी बसून तीस वेळा कोण चावेल? चौथ्या घासाला नाक वाहिलं, मी म्हटलं तिखट असेल. तेवढ्यात वहिनींनी "भावजी, तुम्ही काहीच घेतलं नाही" म्हणत पळी ओतली.

पाडव्याला श्रीखंडानं वेगळी गंमत केली होती. चार चमचे खाल्ले, वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, घाम, हातपाय गार. दुपारभर आडवा. गोड पोटातून भरकन खाली सरकतं, त्याचा तो परिणाम. आता आंब्याची एक फोड खातो, जेवणानंतर, हळू. यंदा पूर्ण सीझनमध्ये सगळे मिळून दोन आंबे झाले असतील. तुझ्या पेटीतले बाकीचे बिल्डिंगमध्ये वाटले. माफ कर.

पण हे सगळं पथ्याचं झालं. तुला लिहायचं होतं ते दुसरंच आहे.

पहिले काही महिने मला भूक लागायचीच नाही. भुकेचं एक हार्मोन असतं, घ्रेलिन, ते बरंचसं जठराच्या त्या कापलेल्या भागातच तयार होतं. म्हणजे भूकच कापून टाकली म्हण. वाटलं, सुटलो. आणि मग एका रात्री अकरा वाजता मी फ्रिज उघडून उभा. पोटात भूक नाही, जिभेवर इच्छा नाही, आणि पाय आपले तिथं. किती वेळ उभा होतो कोण जाणे, फ्रिज ओरडायला लागला. त्या दिवशी साहेबानं सगळ्यांसमोर झापलं होतं. पूर्वी अशा दिवशी मी येताना सहा वडापाव बांधून घ्यायचो, दोन घरी द्यायचो, चार गाडीत संपवायचो. हे हिलाही माहीत नाही, आता तुला माहीत. वडे गेले, पण साहेब आहेच. आता मी त्या वडापावच्या गाडीवर थांबत नाही, पण थांबून एकदा नुसता बसलो होतो, काच वर करून. तिथं असा रडलो की शेजारच्या रिक्षावाल्यानं काचेवर टकटक करून विचारलं, "साहेब, कोण गेलं का?"

हिचंही काहीतरी गेलं. सोळा वर्षं तिनं मला वाढलं. मी "अजून एक टाक" म्हणायचो आणि तिला बरं वाटायचं. आता मी वाटीभर खाऊन हात धुतो आणि ती तव्यापुढं उभी राहते. एकदा चिडून म्हणाली, "मग मी स्वयंपाक कुणासाठी करू?" मला उत्तर सुचलं नाही. हल्ली आम्ही जेवणानंतर चालायला जातो. ती भरभर चालते, मला माहीतच नव्हतं.

वजन १०१ आहे. सदतीस किलो कमी. मशीन नाकावरून उतरलं, साखरेच्या गोळ्या डॉक्टरांनी दोनाच्या एकवर आणल्या. चौथ्या महिन्यात केस मुठीमुठीनं गळाले, ते तू जत्रेत पाहिलंस आणि काही बोलला नाहीस. एवढ्या झपाट्यानं वजन उतरलं की गळतात, परत येतात. पण मला वाटतं तू त्याच दिवशी मनात काहीतरी भलतं धरलंस. माणूस आजारी आहे आणि सांगत नाही, असं. राग त्याचाच होता का? ताटाचा नव्हता?

आपली दोस्ती खाण्यावर उभी आहे असं मी ऑपरेशनच्या आधी कितीतरी रात्री मनात घोळवलं. तू आणि मी बसून गप्पा कधी मारल्या? समोर परात असायचीच. रंकाळ्यावर गेलो तरी हातात भेळ. म्हणून तुला टाळलं. जानेवारीत तू पुण्याला आलास तेव्हा मी नाशिकला नव्हतो, घरीच होतो.

श्रावण लागायच्या आत एका रविवारी येतो. या खेपेला आधी सांगून. काकूंना सांग, तिखट पडायच्या आधी एक वाटी अळणी काढून ठेवा, आणि दोन फोडी, मऊ, बारीक. मला ताट नको, वाटीच द्या. तांब्या माझ्यापासून लांब ठेवा. वहिनींची पळी तू अडव, त्यांना माझ्याच्यानं नाही म्हणवत. भाकरी तू खा माझ्या वाटणीची, तशीही खायचासच.

मला अर्धा तास लागतो जेवायला. तुझं दहा मिनिटांत होईल. पण उठू नकोस. हात वाळला तरी बसून राहा.

तुझाच,
मी