खोकल्यासाठी ‘हेवी डोस’चा आग्रह अनाठायी

माननीय संपादक महोदय,

पावसाळा सुरू झाला की छातीत कफ भरल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णांची संख्या वाढते आणि त्यांपैकी अनेक जण ‘अमॉक्सिसिलिनने काय होणार, जरा हेवी डोस द्या’ असे स्वतःच सुचवतात. अमुक प्रतिजैविक हलके आणि तमुक भारी, ही उतरंड किंमत व नवेपणा यांवरून मनात बसलेली आहे. ज्या चाचण्यांत या औषधांची समोरासमोर तुलना झाली, त्यांत तिला फारसा आधार सापडत नाही.

न्यूमोनियाचा संशय नसलेल्या खोकल्यात तर मुळात प्रतिजैविकाचाच उपयोग किती, हा प्रश्न आहे. युरोपातील 12 देशांत सुमारे 2000 प्रौढांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांना 7 दिवस अमॉक्सिसिलिन, तर उरलेल्यांना तशीच दिसणारी पण औषधविरहित गोळी देण्यात आली. त्रासाचे दिवस दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले. मळमळ, जुलाब आणि अंगावर पुरळ मात्र औषध घेणाऱ्यांत अधिक आढळले. असा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, हे रुग्णाला समजावून सांगण्यापेक्षा गोळ्या लिहून देणे सोपे असते, हे आम्हा डॉक्टरांनीही मान्य करायला हवे.

न्यूमोनिया असेल तर प्रतिजैविक हवेच. पण तेथेही नेदरलँड्समधील 7 रुग्णालयांचा अनुभव बोलका आहे. अतिदक्षता विभागाची गरज नसलेल्या दाखल रुग्णांपैकी काहींना केवळ अमॉक्सिसिलिनच्या कुळातील औषधे, काहींना त्यांच्या जोडीला अझिथ्रोमायसिनच्या कुळातील औषध आणि काहींना लेव्होफ्लॉक्सासिनच्या कुळातील औषध, असे धोरण आलटूनपालटून राबवण्यात आले. 2015 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार 90 दिवसांतील मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे 9.0, 11.1 आणि 8.8 टक्के होते. म्हणजे साधा उपचार इतर दोहोंपेक्षा उणा ठरला नाही. मायकोप्लाझ्मा किंवा लेजिओनेला या जंतूंवर अमॉक्सिसिलिन चालत नाही, अत्यवस्थ रुग्णाला एकाहून अधिक औषधे लागतात, हे खरेच. परंतु ते अपवाद म्हणून, सरसकट नव्हे.

मुलांच्या बाबतीत पुरावा आपल्या देशातलाच आहे. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत सौम्य न्यूमोनिया असलेल्या 2188 बालकांना अमॉक्सिसिलिन 3 किंवा 5 दिवस देण्यात आले आणि बरे होण्याचे प्रमाण 89.5 व 89.9 टक्के असे जवळपास एकच आले. त्याआधी गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या चमूने गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखण्यासाठी बाळाचे मिनिटाला किती श्वास पडतात ते मोजायला शिकवले. त्यांनी को-ट्रायमॉक्साझोलसारख्या स्वस्त औषधाने बालमृत्यू कमी करून दाखवले. तो अहवाल 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने को-ट्रायमॉक्साझोलऐवजी अमॉक्सिसिलिनला पसंती दिली, पण श्वास मोजण्याची पद्धत कायम राहिली. शहरातल्या किती दवाखान्यांत घड्याळ धरून श्वास मोजले जातात, हे वाचकांनी स्वतःच आठवून पाहावे.

‘भारी’ औषधाचा आग्रह आपल्याकडे विशेष घातक ठरतो तो क्षयरोगामुळे. लेव्होफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूवरही काम करते. त्यामुळे न्यूमोनिया समजून ते दिले की काही दिवस ताप उतरतो, वजनही सावरल्यासारखे वाटते, थुंकीच्या तपासणीत जंतू सापडेनासे होतात आणि खरे निदान लांबते. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर हेच औषध उपयोगी पडते, तेव्हा ते आधीच बोथट करून ठेवणे परवडणारे नाही. अझिथ्रोमायसिनची गोष्ट वेगळी असली तरी काळजीचीच आहे: ते शरीरात बरेच दिवस राहते, म्हणून तीन गोळ्यांत काम भागते, पण शेवटी उरलेल्या अपुऱ्या मात्रेत जंतूंना प्रतिकार शिकण्यास वाव मिळतो.

म्हणून दोन मागण्या आहेत. प्रतिजैविक लिहिताना चिठ्ठीवर ‘छातीत इन्फेक्शन’ असे मोघम न लिहिता न्यूमोनिया आहे की नाही, श्वासाची गती किती आणि औषध किती दिवसांसाठी, हे नोंदवण्याचा आग्रह वैद्यकीय संघटनांनी आपल्या सदस्यांकडे धरावा. तसेच दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असलेल्या रुग्णाची थुंकी तपासायला पाठवल्याखेरीज लेव्होफ्लॉक्सासिन सुरू करू नये.

आपला विश्वासू,
एक जनरल प्रॅक्टिशनर, सांगली