कौले चढवली की ‘क्रिटिकल रीजनलिझम’ झाले?

महोदय,

बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजवरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची ही वसाहत ‘क्रिटिकल रीजनलिझम’चा, म्हणजे स्थानिक हवा-जमिनीला धरून पण आधुनिक पद्धतीने बांधण्याच्या भूमिकेचा, नमुना असल्याचे लेखक म्हणतात आणि पुरावा काय, तर उतरती कौले! ही भूमिका मांडणारे वास्तुसमीक्षक केनेथ फ्रॅम्प्टन यांनी १९८३च्या निबंधात गावठी रूपाच्या अशा भाबड्या नकलेलाच विरोध केला होता. भांडवली आधुनिकतेची चिकित्सा करणाऱ्या ‘फ्रँकफर्ट स्कूल’चा प्रभाव असलेल्या या समीक्षकाचा रोख होता तो डोंगरउतार बुलडोझरने सपाट करण्यावर आणि न उघडणाऱ्या काचा लावून एसीवर विसंबण्यावर. नवी मुंबईत पारसिक डोंगराच्या कापलेल्या कड्यांखाली राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

या वसाहतीचे (१९८३–८६) मर्म रेखांकनात आहे. सुमारे ८ मीटर लांब-रुंद चौकाभोवती सात घरे. असे तीन गट मिळून आणखी मोठे अंगण. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे उत्पन्नात कितीही तफावत असली तरी जमिनीत दुपटीचाही फरक नाही. शेजाऱ्याशी सामायिक भिंत नाही, त्यामुळे ज्याला जमेल त्याने जमेल तेव्हा घर वाढवावे. संडास तेवढे जोडीने, नळ आणि सांडपाण्याचा खर्च वाचावा म्हणून. शेजाऱ्याच्या अंगावर येणाऱ्या भिंतीला खिडकी नाही. तिथे एकाने खिडकी पाडली की दोन्ही घरांचा आडोसा जातो. प्लॉट कडेपर्यंत बांधून काढला की उरलेल्या फटीत परांची बसत नाही. बाहेरून गिलावा-वॉटरप्रूफिंग होत नाही आणि पहिल्याच पावसाळ्यात आतली भिंत ओल धरते. दोष मग मूळ आराखड्याच्या माथी!

जागा कोण घडवतो आणि कोणासाठी, हा फ्रेंच विचारवंत आंरी लेफेव्र यांचा १९७४चा प्रश्न नवी मुंबईला लावायचा तर सुरुवात ९५ गावांच्या संपादित जमिनीपासून आणि जमीन गेलेल्यांना परत द्यायच्या साडेबारा टक्के भूखंडांपासून करावी लागेल. लेखात त्यावर एक ओळ नाही. भांडवली व्यवस्थेत चांगला आराखडाही अखेर तिच्याच कामी येतो, असे इटालियन वास्तु-इतिहासकार मान्फ्रेदो ताफुरी मांडत. ते मला पूर्ण पटत नाही. रहिवाशाच्या हाती घर वाढवण्याची मुभा देणे ही लहान गोष्ट नव्हे. पण पुनर्विकासाच्या नावाखाली चटईक्षेत्राचाच हिशेब चालतो, तेव्हा ताफुरींना उत्तर देणे कठीण जाते.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर कौलांच्या छायाचित्रांऐवजी एका चौकाचे मूळ आणि आजचे मोजमाप शेजारी-शेजारी छापावे, ही विनंती.

– एक वास्तुरचनाकार, नेरुळ