आदल्या रात्रीच्या क्लिपचं काय करणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निवडणुकीतल्या एआय व्हिडिओवर लेबल लावलं की झालं असं सगळे म्हणतायत, पण एकदा आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात येऊन बघा. मांडीवर सूप, हात विड्या वळतायत आणि बाजूला मोबाईल नुसता वाजत असतो, स्क्रीनकडं बघायला वेळ कुणाला. निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं की व्हिडिओत स्क्रीनच्या किमान १० टक्के जागेत एआय आहे असं लिहा, ऑडिओ असेल तर सुरुवातीच्या १० टक्के वेळात सांगा. आता ४० सेकंदाच्या क्लिपमधले पहिले ४ सेकंद उडवायला काय इंजिनिअर लागतो का? आठवीतलं पोरगं करतंय ते.

दुसरं ते ३ तासांचं. बनावट क्लिप लक्षात आणून दिल्यावर पक्षाने ती ३ तासांत काढायची, असंही आयोगानेच सांगितलंय. पक्षाच्या पेजवरून निघेल हो, पण गल्लीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलेली कोण काढणार? २०२४ च्या विधानसभेला मतदान २० नोव्हेंबरला, आदल्या रात्री निवडणुकीत बिटकॉइनचा पैसा वापरल्याच्या आरोपाच्या ऑडिओ क्लिप बाहेर आल्या, खासदार सुप्रिया सुळेंनी आवाज माझा नाही म्हणून तक्रार केली, पण सकाळी ७ ला मतदान सुरू झालं, तेवढ्यात कोण काय तपासणार (मी कुठल्या पक्षाचा नाही, उद्या हेच कुणाच्याही बाबतीत होईल).

सरसकट बंदी मात्र नको. सोलापुरात उमेदवाराला मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दूही लागते, आमच्या आजीला मराठी भाषण अर्धंच कळतं. उमेदवाराचंच भाषण एआयने तेलुगूत केलं तर त्यात फसवणूक काय? फक्त एआय आहे हे तेलुगूतच आणि मधे मधे सांगा, कोपऱ्यात बारीक इंग्रजीत नको.

पण शेवटच्या ४८ तासांत, तशीही प्रचारबंदी असतेच, तेव्हा उमेदवाराचा बनावट आवाज किंवा चेहरा सोडणं हा थेट गुन्हा धरा आणि बनवणाऱ्याला, पैसे देणाऱ्याला उचला, फॉरवर्ड करणाऱ्या मावशीला नको. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यांनीपण हे लावावं. आणि रात्री तक्रार आली तर अधिकाऱ्यांनी खुलासा नुसता वेबसाईटवर टाकून झोपू नये, सकाळी मतदानाआधी घंटागाडीच्या भोंग्यावरून तेलुगू-मराठीत ऐकवावा.

एक मतदार, पूर्व भाग, सोलापूर