लॉइड जॉर्ज यांची घरची पत्रे: आधी तारीख, मग निष्कर्ष

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पहिल्या महायुद्धकाळातले ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड लॉइड जॉर्ज यांच्या कौटुंबिक पत्रव्यवहारावरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. या विषयाला मराठीत जागा मिळाली याचा आनंद आहे. मात्र पत्रे कधीची आणि कोणाला लिहिलेली, हे न पाहता लेखात ती एकामागोमाग ओवली आहेत. त्यामुळे त्यांच्या पत्नी मार्गारेट यांचा संसार वाचकांसमोर चुकीचा उभा राहतो.

सारी भिस्त ज्या पत्रावर आहे तेच पाहा. पुढे जाणे हेच माझे ध्येय, आड आले तर प्रेमसुद्धा जगन्नाथाच्या रथाखाली लोटीन, अशा आशयाचे ते पत्र. लेखात ते पंतप्रधानाने बायकोला लिहिल्यासारखे आले आहे. मुळात त्यावर तारीख नाही. अभ्यासक ते साधारण १८८५ चे मानतात. लग्न झाले २४ जानेवारी १८८८ ला, खासदारकी मिळाली १० एप्रिल १८९० ला, तीही अवघ्या १८ मतांनी. म्हणजे हा बावीस-तेवीस वर्षांचा होतकरू वकील मागणी घालताना बोलतो आहे. त्याची महत्त्वाकांक्षा त्यात उघडी आहे, हे खरेच. पण पुढच्या पन्नास वर्षांच्या संसाराचा पुरावा म्हणून ते चालणार नाही.

बिनतारखेची किंवा नुसता वार घातलेली पत्रे अशा संग्रहात असायचीच. ती लावायची रीत ठरलेली आहे. पत्रात 'गुरुवार' असेल आणि कालच्या चर्चेचा उल्लेख असेल, तर ती चर्चा संसदेच्या छापील कामकाजात शोधायची आणि वार जुळतो का ते पाहायचे. कागदावरचा छापील पत्ताही मदत करतो. व्यापार मंडळाचा (म्हणजे सरकारच्या व्यापार खात्याचा, जिथे ते मंत्री होते) असेल तर डिसेंबर १९०५ ते एप्रिल १९०८, डाउनिंग स्ट्रीटवरच्या सरकारी निवासस्थानाचा असेल तर त्यानंतरचे. पण पत्त्यावरून फक्त 'याच्या आधीचे नाही' एवढेच म्हणता येते, कारण उरलेला जुना कागद माणसे पुढे कितीतरी दिवस वापरतात. पाकीट असेल तर टपालाचा शिक्का आणि तिकीट बघावे. जून १९१८ च्या सुरुवातीपर्यंत साध्या पत्राला एक पेनी लागत असे, नंतर दीड पेनी. इथे एक घोटाळा नेहमी होतो. गठ्ठे उघडून परत बांधताना पत्र भलत्याच पाकिटात जाते. म्हणून पत्राच्या घड्या पाकिटाच्या मापाशी जुळल्याशिवाय शिक्क्यावर विसंबू नये.

पत्र कोणाला लिहिले आहे, हे तितकेच महत्त्वाचे. डेव्हिड यांचे धाकटे भाऊ विल्यम वेल्समधल्या क्रिकिएथ गावी दोघांची वकिली सांभाळत. १९११ पर्यंत खासदारांना पगार नव्हता (मग वर्षाला ४०० पौंड सुरू झाला), त्यामुळे डेव्हिड यांचे राजकारण बऱ्याच अंशी भावाच्या कमाईवर चालले. भावाला लिहिलेल्या पत्रांत म्हणूनच पैसा आहे, अशिलांची कामे आहेत, सभा कशी गाजली हेही आहे. मामा रिचर्ड लॉइड यांनी वडील वारलेल्या या मुलांना जवळच्या लानिस्टमड्वी गावात वाढवले होते. भावाकडे आलेली पत्रे त्यांच्याही वाचनात येत, आणि लिहिणाऱ्याला ते ठाऊक असे. बायकोला लिहिताना सूर पालटतो: वेल्श आणि इंग्रजी एकाच वाक्यात, लाडाची हाक, मध्येच तक्रार. एकाच आठवड्यातली दोघांची पत्रे शेजारी ठेवली की कोणापासून काय राखले ते कळते.

मार्गारेट लंडनला न जाता क्रिकिएथला राहिल्या, यावर १८९० च्या दशकातील पत्रांत खडाजंगी आहे. लेखकाने ती एकतर्फी वाचली. टिकून राहिलेल्या पत्रांत नवऱ्याची बाजू फार जड आहे, मार्गारेट यांची पत्रे त्या मानाने थोडी. त्यांचे म्हणणे बहुतेक वेळा त्याच्या उत्तरावरूनच ताडावे लागते. अशा वेळी 'ती गप्प होती' असे लिहिणे सरळसरळ चूक आहे. १९१३ नंतरची पत्रे तर याहून सांभाळून वाचावीत. फ्रान्सिस स्टीव्हन्सन ही लॉइड जॉर्ज यांची सचिव झाली ती त्याच वर्षी, आणि तिच्याशी असलेल्या संबंधांबद्दल घरच्या पत्रांत काही मिळत नाही म्हणून घरात काही नव्हते असे होत नाही.

ही पत्रे केवळ खासगी कुतूहलाची असल्याचा सूरही पटला नाही. ३ ऑगस्ट १९१४ चे मार्गारेट यांना लिहिलेले पत्र घ्या. दुःस्वप्नात वावरतो आहे, शांततेसाठी झगडलो, पण जर्मनीने चिमुकल्या बेल्जियमवर हल्ला केला तर युद्धाच्या बाजूने उभे राहावे लागेल, असे ते तिला सांगतात. दुसऱ्या दिवशी रात्री ब्रिटन युद्धात उतरले. मंत्रिमंडळातल्या माणसाचे मन कसे वळले, हे इथे संसारी पत्रातच सापडते.

बायकोला आणि भावाला लिहिलेल्या पत्रांचे मोठे संग्रह अ‍ॅबरिस्टविथच्या वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, राजकीय कागद ब्रिटिश संसदेच्या अभिलेखसंग्रहात ठेवले गेले होते. पुढचा भाग छापताना प्रत्येक उताऱ्याखाली एवढे तरी द्यावे: कोणाला लिहिले, तारीख पत्रावरची की अंदाजे, मूळ मजकुरातला कोणता भाग वेल्श, आणि कुठे काटछाट केली.

आपला,
एक वाचक