पहिला श्वास आणि रात्रपाळी

संपादक महोदय,

माझी नात जन्मली तेव्हा रडलीच नाही. अंग निळसर, मूठही वळेना. गुहागरहून चिपळूणपर्यंत, पावसात, मी तिला छातीशी धरून नेलं.

जन्मताना प्राणवायू न मिळालेल्या अशा बाळाचा मेंदू वाचावा म्हणून त्याचं अंग 72 तास 33.5 अंश सेल्सिअसवर थंड ठेवतात, हे नंतर वाचलं. न्यूझीलंडचे संशोधक ॲलिस्टर गन यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे मेंढ्यांच्या गर्भांवर प्रयोग केले. पण नवजात बाळांचे डॉक्टर सुधीन थय्यिल यांनी भारत, श्रीलंका व बांगलादेशातील 408 बाळांवर तो उपचार तपासला. थंड केलेल्यांत मृत्यू जास्त निघाले. 2021 मध्ये त्यांनी ते स्पष्ट मांडलं. ज्या विषयाला वर्षं वाहिली, त्याबद्दल असं लिहायला केवढं मन लागतं!

मग निदान आरोग्य केंद्रात रात्रपाळीला बाळाला मास्कने श्वास देता येणारी परिचारिका तरी द्या.

– एक आजी, गुहागर